ओळंब्यातलं शिसं

दोन वर्षांपूर्वी एका बांधकाम कंपनीच्या सूचना इंग्रजीतून मराठीत करून द्यायचं काम माझ्याकडे आलं. साठेक पानं होती आणि मुदत चार दिवसांची. असल्या कामात डोळे वाचतात, बोटं टाइप करतात आणि डोकं स्वयंपाकघरात काय शिजतंय याचा विचार करत असतं. तिसऱ्या दिवशी रात्री ‘चेक वॉल फॉर प्लंब’ अशी एक ओळ समोर आली. मी लिहिलं, ‘भिंतीचं प्लंबिंग तपासावं’, आणि पुढच्या ओळीकडे गेले.

आठवड्याभराने साइटवरच्या इंजिनियरचा फोन आला. आवाज तरुण, सूर अदबीचा. ‘‘मॅडम, एक विचारायचं होतं. आमची भिंत आत्ता कमरेइतकी आलीय. भिंतीत अजून पाइपच नाहीत. प्लंबिंग कसलं तपासू?’’

मी मूळ ओळ उघडून पाहिली आणि कान गरम झाले. ‘‘ओळंबा लावून बघायचं आहे हो,’’ मी म्हटलं. ‘‘हां, मग ओळंबा लिहा की!’’ तो म्हणाला. त्याच्या दृष्टीने विषय तिथे संपला. माझ्या दृष्टीने संपला नाही, कारण चूक अज्ञानाची असती तर एक वेळ चाललं असतं. ओळंबा मला बाराखडीच्या आसपासच्या वयापासून माहीत आहे.

आमचं गाव कराडजवळ. १९८४ साली घराच्या मागच्या बाजूला विटांचं नवं स्वयंपाकघर बांधायला काढलं, तेव्हा मी आठ वर्षांची होते. गवंडीकाम करायला जे यायचे त्यांना सगळं गाव मेस्त्रीच म्हणायचं, आम्हीही तेच म्हणायचो. पांढरा पायजमा, डोक्याला टॉवेल, कानामागे विडी. त्यांच्या पिशवीत थापी, रंधा, गुण्या, लाइनदोरी असं सगळं एकत्र कोंबलेलं असे. फक्त ओळंबा वेगळा, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला. तो पितळेचा होता, खाली निमुळता, आणि हातात घेतला की आकाराच्या मानाने फारच जड लागायचा.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. ओळंब्याला खाली वजन असतं, वर एक छोटी लाकडी ठोकळी असते आणि दोन्हींच्या मधोमध जाणारी दोरी. ठोकळीची रुंदी आणि वजनाची जाडी अगदी सारखी. ठोकळी भिंतीच्या वरच्या कडेला टेकवून धरायची आणि वजन खाली सोडायचं. ते भिंतीला जेमतेम शिवतंय न शिवतंय असं राहिलं, की भिंत ओळंब्यात आहे. वजन आणि भिंत यांच्यात फट पडली तर भिंत वरून बाहेर झुकलीय. वजन भिंतीला रेलून राहिलं तर खालून पोट काढलंय. बस्स. ना आकडे, ना खुणा, ना काटा.

मला त्यातलं एकच काम मिळायचं, ते म्हणजे हात न लावणं. ‘‘हात लावू नगंस,’’ मेस्त्री म्हणायचे. ‘‘त्येला सोताहून थांबू दे.’’ ओसरीच्या उंच खांबाला ओळंबा लावला तेव्हा वारा सुटला होता आणि दोरी काही केल्या थांबेना. मेस्त्रींनी आईकडे पाण्याची बादली मागितली. आईला वाटलं, हात धुवायचे असतील. त्यांनी बादली खांबाच्या बुडाशी ठेवली आणि ओळंब्याचं वजन पाण्यात सोडलं. दोरी दोन-चार वेळा डुलली आणि निमूट उभी राहिली. त्या वयात मला ती जादूच वाटली होती. पाण्याने वजनाची हालचाल मारली जाते, पण ओढ मारली जात नाही, हे पुढे विज्ञानाच्या पुस्तकात कळलं तेव्हा फारसं नवल वाटलं नाही.

तर अशी ही माझी नि ओळंब्याची ओळख. आणि तरीही ‘प्लंब’ दिसल्यावर मला नळ आठवले. फोन ठेवल्यावर त्या रात्री कोश काढून बसले. मुदतीतलं दुसरं काम बाजूला पडलं, पण तसं ते नेहमीच पडतं.

‘प्लंब’ची मुळी लॅटिनमधल्या ‘प्लुंबुम’ या शब्दात आहे. प्लुंबुम म्हणजे शिसं. रसायनशास्त्रात शिशाची खूण ‘पीबी’ अशी का, हा आठवीत पडलेला प्रश्न इथे सुटतो. खूण त्या लॅटिन नावाची आहे. फ्रेंचमध्ये त्याचं ‘प्लाँ’ झालं, तिथून ते इंग्रजीत आलं आणि येताना दोरीला बांधलेल्या शिशाच्या गोळ्याचं नाव झालं. मग त्या गोळ्याने दाखवलेल्या सरळपणाचंही नाव तेच. शिसंच का, हे उघड आहे. त्याच आकाराच्या लोखंडाच्या सुमारे दीडपट जड, आणि वितळतं जेमतेम ३२७ अंशांवर, म्हणजे चुलीवरही. मातीच्या साच्यात ओतलं की गोळा तयार.

मग नळ कुठून आले? ते रोमन लोकांनी आणले. शिशाचा पत्रा ओतायचा, तो वाकवून त्याची नळी करायची आणि सांधा जोडायचा. त्यांच्या शहरातल्या पाण्याच्या नळ्या अशा बनत. शिशाचं काम करणारा तो ‘प्लुंबारिउस’. मध्ययुगातल्या इंग्लंडमध्ये हाच माणूस चर्चच्या छपरांवर शिशाचे पत्रे चढवायचा, खिडक्यांच्या रंगीत काचा शिशाच्या पट्ट्यांनी सांधायचा आणि पाण्याच्या टाक्यांना अस्तर लावायचा. नळ हे त्याच्या अनेक कामांपैकी एक. पुढे छपरं गेली, काचा गेल्या, शिसंही गेलं आणि त्याच्याकडे फक्त पाणी उरलं. आज आमच्या सोसायटीत येणारा प्लंबर प्लॅस्टिकचे पाइप आणि डिंकाची बाटली घेऊन येतो. शिशाशी त्याचा संबंध फक्त नावापुरता.

रोमन लोकांना शिशाचा धोका ठाऊक नव्हता असं म्हणतात, पण ते तितकंसं खरं नाही. व्हिट्रुव्हियस या वास्तुकाराने इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात लिहून ठेवलंय की पाणी मातीच्या नळ्यांतून आणावं, शिशाच्या नको. पुरावा काय, तर शिशाचं काम करणाऱ्या कारागिरांचे चेहरे पाहा, कसे पांढरेफटक पडलेले असतात. दोन हजार वर्षांनी, २०१४ नंतर, अमेरिकेतल्या फ्लिंट शहरात लोकांच्या नळांतून शिसं येत होतं. आलं ते तिथल्या जुन्या नळ्यांतूनच.

इथे एक जुना सल काढून टाकते. शाळेत इंग्रजीच्या तासाला मी ‘प्लंबर’ असं ‘ब’ वाजवून म्हटलं, तेव्हा वर्ग हसला होता. बाईंनी तीन वेळा ‘प्लमर’ म्हणायला लावलं होतं. इंग्रजीने तो ‘ब’ कधीच गिळून टाकलाय. ‘प्लमर’ या आडनावात तर तो लिहितही नाहीत. म्हणजे ‘ब’ मुका आहे हे खरं, पण रोममध्ये तो बोलका होता. प्लुंबारिउस म्हणताना ओठ मिटून उघडावे लागत. आज तो ‘ब’ स्वच्छ ऐकू येतो तो आपल्याकडे, ‘प्लंबरला बोलवा हो, मोरी तुंबलीय’ या वाक्यात. बाई आता नाहीत. असत्या तर वाद घातला असता.

शिशाचं गोत शोधत गेलं की ते भलतीकडे भेटायला लागतं. दोरीला शिसं बांधून पाण्यात सोडलं की खोली कळते. म्हणून शिसं टाकण्याच्या क्रियेवरून ‘प्लंज’ हा बुडी मारण्याचा शब्द आला. छोटा शिसगोळा तो ‘प्लमेट’, आणि त्याचंच क्रियापद आज शेअर बाजाराच्या बातम्यांत रोज कोसळत असतं. जहाजावरच्या शिशाच्या बुडाला खळगा ठेवून त्यात चरबी भरत. तळाला टेकलं की चरबीला वाळू, शिंपल्यांचा चुरा, चिखल, जे असेल ते चिकटून वर यायचं. धुक्यात किनारा दिसत नसला तरी खलाशी त्या चिकटलेल्या वाळूवरून आपण कुठे आहोत ते ओळखायचे. खोली मोजण्याचं माप ‘फॅदम’, म्हणजे सहा फूट. त्या शब्दाचा मूळ अर्थ पसरलेले दोन हात. कोकणात होडीवर ‘किती वाव पाणी?’ विचारतात, ती वावसुद्धा पसरलेल्या दोन हातांचीच. दोर ओढताना दोन्ही हात पसरून मोजायचा, याला दुसरा काही मार्ग नसावा. समुद्र कुठलाही असो, खलाशाचे हात तेवढेच.

या गोतातला मला सगळ्यात आवडलेला शब्द ‘अप्लाँब’. फ्रेंचमध्ये ‘आ प्लाँ’ म्हणजे शिशाप्रमाणे, अर्थात सरळ उभ्या रेषेत. भिंतीचा हा गुण आधी बॅलेच्या नर्तकांना चिकटला. एका पायाच्या चवड्यावर उभं राहून न डगमगणारा देह म्हणजे अप्लाँब. मग तो माणसाच्या वागण्याला चिकटला. भर सभेत कोणी खोचक प्रश्न विचारला आणि वक्ता ढळला नाही, की इंग्रज म्हणणार, त्याने अप्लाँबने उत्तर दिलं. मराठीत आपण ‘डगमगला नाही’ म्हणतो, म्हणजे काय केलं नाही ते सांगतो. ‘मोठा ओळंब्यातला माणूस’ असं म्हणायला काय हरकत होती? पण कोणी म्हटलं नाही, आणि असले शब्द टेबलावर बसून पाडता येत नाहीत.

शिशाने आपल्यालाही एकदा चकवलंय. सोळाव्या शतकात इंग्लंडमधल्या बॉरोडेल इथे एक काळा, मऊ, कागदावर छान उमटणारा दगड सापडला. लोकांना ते शिशाचंच एखादं रूप वाटलं. ते नाव त्याला चिकटून राहिलं आणि १७७९ साली शेले या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की हा तर कार्बन आहे. ग्राफाइट हे नाव त्यानंतरचं. पण तोवर पेन्सिलीत शिसं असल्याची समजूत जगभर पसरली होती. जर्मन लोक अजून पेन्सिलीला शिशाची काडी म्हणतात, आणि आपण? शिसपेन्सिल. ‘शिसपेन्सिलीने समास आखून आणा,’ असं सांगणाऱ्या एकाही मास्तरांना त्यात शिसं नसल्याचं सांगायची सोय नव्हती. इंग्रजांची चूक आपण निगुतीने भाषांतरित करून घेतली. भाषांतरकारांच्या चुकांची परंपरा जुनी आहे, एवढाच मला दिलासा.

आता ओळंबा. हा शब्द मी कधी फोडून पाहिलाच नव्हता. ‘ओळ’ आहे त्यात, म्हणजे सरळ ओळीशी काही असेल, अशी माझी आपली ढोबळ समजूत. तसं काही नाही. तो संस्कृतातल्या ‘अवलंब’पासून आलाय. अव म्हणजे खाली, लंब म्हणजे लोंबणं. ‘अव’चा ‘ओ’ मराठीत सर्रास होतो, लवणाचं लोण आणि नवनीताचं लोणी झालं तसाच. आणि ‘ल’चा ‘ळ’ तर आपला लाडका, फळ, काळ, जळ. गुजरातीतही तो ‘ओळंबो’च आहे. हिंदीत मात्र साहुल, तो अरबी-फारसी वाटेने आलेला.

म्हणजे इंग्रजी गवंड्याच्या शब्दात वजन आहे आणि मराठी गवंड्याच्या शब्दात लोंबणं आहे. एकाला त्या वस्तूत धातू दिसला, दुसऱ्याला तिचं वागणं. आज गंमत अशी की बाजारातले ओळंबे लोखंडाचे नाहीतर पितळेचे असतात. इंग्रजी शब्दातलं शिसं त्यात शोधूनही मिळत नाही. पण दोरीला काहीही बांधा, दगड बांधा, कुलूप बांधा, ते लोंबणारच. माझा कौल कुणीकडे आहे ते कळलंच असेल.

पण इंग्रजीवर अन्याय नको. तिच्याकडे लोंबणारा शब्दही आहे, फक्त तो गवंड्याकडे नाही, मास्तरांकडे आहे. रोमन लोक ओळंब्याला ‘पेर्पेंडिकुलुम’ म्हणत. त्यात ‘पेंडेरे’ म्हणजे टांगणं. त्याचंच भूमितीतलं परपेंडिक्युलर. त्याच पेंडेरेपासून पेंडुलम आला, गळ्यातलं पेंडंट आलं, ‘डिपेंड’ आला आणि कचेरीतला ‘पेंडिंग’ आला. आता मराठीकडे पाहा. पेंडुलमला आपण लंबक म्हणतो. डिपेंडला अवलंबून, जो ओळंब्याचा सख्खा भाऊ, फक्त सोवळं नेसलेला. आणि पेंडिंगला प्रलंबित! तालुक्याच्या कचेरीत आमच्या वारसनोंदीची फाइल प्रलंबित होती तेव्हा ती कुठे तरी दोरीला टांगलेलीच मला दिसायची. तर ते चित्र अगदी चुकीचं नव्हतं. विलंबात तोच लंब. गणपतीच्या पोटात तोच. भाताच्या लोंब्यांत आणि शेवटच्या डब्याच्या दारात लोंबकळणाऱ्या पोरांतही तोच.

शाळेत लंब आला तेव्हा यातलं कोणी काही सांगितलं नाही. ‘रेषा अब वर बिंदू क मधून लंब काढा,’ म्हटलं की कंपास उघडायचा. अब तिरपी असली तर लंबही तिरपा निघायचा. मेस्त्रींना हे दाखवलं असतं तर ते हसले असते. त्यांचा लंब कुठल्या रेषेला विचारून उभा राहात नव्हता. भूमितीने लोंबणारी दोरी उचलून कागदावर आडवी ठेवली, वजन काढून घेतलं आणि काटकोन तेवढा ठेवला. शब्द राहिला, ओढ गेली.

भास्कराचार्यांच्या वेळेपर्यंत मात्र दोन्ही एकाच घरात नांदत होते. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात ज्यांच्या घराण्याची नोंद आहे, तेच हे भास्कराचार्य. ११५० च्या सुमाराच्या ‘लीलावती’त त्यांचं एक सुंदर गणित आहे. दोन वेळू जमिनीत उभे आहेत, एक १५ हात उंच, दुसरा १० हात. प्रत्येकाच्या शेंड्यापासून दुसऱ्याच्या बुडापर्यंत सूत बांधलं. दोन्ही सुतं जिथे एकमेकांना छेदतात तिथून जमिनीपर्यंत किती अंतर? रीत अशी की उंचींच्या गुणाकाराला त्यांच्या बेरजेने भागा. १५० भागिले २५, उत्तर ६ हात. वेळूंमध्ये अंतर किती हे सांगितलेलंच नाही, आणि लागतही नाही. जवळ रोवा, लांब रोवा, सहा ते सहाच. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी खरोखर दोन उदबत्त्या आणि दोरा घेऊन बसले होते. पण इथे सांगायचं ते वेगळंच. त्या सुतांच्या गाठीपासून खाली येणाऱ्या अंतराला श्लोकात शब्द आहे ‘अवलंब’. म्हणजे ओळंबाच. छेदबिंदूला दोरी बांधून खाली सोडलीय असंच त्यांना दिसत असणार.

‘व्हर्टिकल’ या शब्दाचीही अशीच एक खोड आहे. त्याच्या मुळाशी लॅटिनमधला ‘वेर्टेक्स’ आहे. त्याचा पहिला अर्थ पाण्यातला भोवरा, मग डोक्यावरचा केसांचा भोवरा, मग डोक्याचा माथा आणि मग कुठलाही माथा. थेट माथ्यावरून खाली येणारं ते व्हर्टिकल. मराठीत पाण्यातला आणि केसांतला भोवरा एकच आहे, खेळातलाही तोच. पण उभेपणासाठी आपण त्याला कामाला लावलं नाही. डोक्यावर दोन भोवरे असले की दोन लग्नं होतात, एवढ्यावरच आपलं संशोधन थांबलं.

मेस्त्रींचा ओळंब्यावर जितका विश्वास होता तितका मोजणीदारांना ठेवता आला नाही, हेही सांगायला हवं. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी चालली होती. १८०२ साली मद्रासला ती सुरू करणारा विल्यम लॅम्बटन १८२३ मध्ये आपल्या विदर्भात, हिंगणघाटला वारला. तिथे त्याची कबर आहे. आयुष्यभर लंब सोडून ताऱ्यांचे कोन मोजणाऱ्या माणसाच्या नावातच लंब असावा, हा निव्वळ योगायोग, पण मला तो सोडवत नाही. पुढे जॉर्ज एव्हरेस्टने मोजणी उत्तरेकडे नेली. मध्य भारतातलं कल्याणपूर आणि त्याच्या उत्तरेला सहाशेएक किलोमीटरवर, हिमालयाच्या जवळचं कलियाना. या दोन ठाण्यांमधलं अंतर दोन रीतींनी काढलं, जमिनीवर त्रिकोण मोजत आणि आकाशातल्या ताऱ्यांवरून. दोन्ही उत्तरं जुळेनात. फरक ५.२३६ विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा छत्तीसशेवा भाग), म्हणजे जमिनीवर साधारण १६० मीटरचा.

ताऱ्यांवरून मोजताना ‘बरोबर वर’ कुठे आहे हे ओळंब्याला विचारावं लागतं. आणि ओळंबा हिमालयाकडे किंचित झुकत होता. एवढा थोरला डोंगर शेजारी असल्यावर तो वजनाला आपल्याकडे ओढणारच. कलकत्त्याचे आर्चडीकन, म्हणजे चर्चमधले वरिष्ठ पाद्री, जॉन प्रॅट यांना गणिताचा नाद होता. त्यांनी हिमालयाच्या आकारमानावरून हिशेब केला, तर उत्तर आणखीच विचित्र आलं. डोंगराने १५.८८५ विकलांचा फरक पाडायला हवा होता, प्रत्यक्षात त्याच्या एक तृतीयांशच पडला होता. म्हणजे ओळंबा का झुकला, हा प्रश्नच नव्हता. पुरेसा का झुकला नाही, हा प्रश्न होता. त्याच वर्षी, १८५५ मध्ये, इंग्लंडचे शाही खगोलशास्त्रज्ञ एअरी यांनी उत्तर सुचवलं. डोंगर जमिनीवर ठेवलेले नाहीत, पाण्यात लाकडाचे ओंडके तरंगावेत तसे ते तरंगताहेत. जितका ओंडका वर, तितका मोठा भाग खाली बुडालेला, आणि तो खालचा भाग आजूबाजूच्या खडकापेक्षा हलका. म्हणून एकूण ओढ कमी पडते. प्रॅट यांची उपपत्ती थोडी वेगळी होती. भूशास्त्राची पुस्तकं आजही दोघांची नावं जोडीने घेतात. हिमालयाला खोल मुळं आहेत ही गोष्ट पहिल्यांदा कळली ती दोरीला बांधलेल्या वजनाकडून. तीन मीटरच्या भिंतीवर हा फरक एक दशांश मिलिमीटरही भरत नाही. त्यामुळे कराडच्या गवंड्यांना काळजी नाही.

काळजी वेगळीच निघाली. गेल्या मे महिन्यात गावी गेले तर त्या १९८४ च्या स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला कोपऱ्यात बोट जाईल एवढी भेग पडलेली. आमची जमीन काळी. उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते, आणि त्यातच मोरीचं पाणी वर्षानुवर्षं त्या कोपऱ्यात मुरत होतं. मेस्त्री जाऊन दहा-बारा वर्षं झाली. त्यांचा मुलगा आता कराडात कंत्राटं घेतो, त्याला बोलावलं. तो मोटारसायकलवर आला, पाठीला सॅक. सॅकमधून मुठीएवढं एक यंत्र काढलं, तिकाटण्यावर बसवलं आणि बटण दाबलं. भिंतीच्या कडेला हिरवीगार उभी रेघ उमटली. त्याने टेप घेऊन खाली अंतर मोजलं, शिडीवर चढून वर मोजलं. साडेतीन सेंटिमीटरचा फरक. तीन मीटरला सहा मिलिमीटरपर्यंत नियमात बसतं, हे मला आता त्या भाषांतरामुळे पाठ आहे.

‘‘ताई, वरनं बाहेर आलीया. पाडायची न्हाय, पर पाया बघाय लागंल.’’

मी विचारलं, ‘‘मेस्त्रींचा ओळंबा नाही आणलास?’’

‘‘हाय की घरी. बारकं पोरगं भवरा म्हणून दोरी गुंडाळतंय त्येला.’’

मला थोडं वाईट वाटलं असावं, आणि ते तोंडावर दिसलं असावं. कारण यंत्र सॅकमध्ये ठेवता ठेवता तो थांबला. ‘‘ह्यातबी त्योच हाय,’’ म्हणाला. मला कळेना. त्याने सांगितलं की यंत्राच्या पोटात लेझर एका लंबकाला टांगलेला असतो. तिकाटणं चार अंशांपर्यंत तिरपं झालं तरी आतलं वजन सरळच लोंबतं, म्हणून रेघ सरळ येते. हलत राहू नये म्हणून शेजारी लोहचुंबक बसवलेलं असतं, ते त्याला चटकन शांत करतं. नेताना आतलं आपटू नये म्हणून लॉक लावून ठेवायचं.

त्याने लॉक काढून ते माझ्या कानाशी धरलं आणि हलकेच हलवलं. आत काहीतरी लोंबत होतं. खट्, खट् वाजलं आणि लगेच थांबलं. मेस्त्रींनी अजून बादली मागितली असती.